थर्ड इयरला डिग्री सोडायची का पूर्ण करायची, आधी हे बघ

तुझं म्हणणं थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुलाही तपासता येईल. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सोलापुरातलंच कॉलेज, पाचवी सेम झाली, एम-थ्री (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) आणि टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन) असे दोन विषय राहिलेत. गेलं वर्षभर वेबसाइट करून देतोस, टॉवेल-चादरीच्या दोन-तीन दुकानांची ऑनलाइन विक्री तूच सुरू करून दिलीस, आणि आता पुण्याची एक छोटी कंपनी म्हणतेय की लगेच ये, महिना २५ हजार देतो. वडील लूमवर, आई विड्या वळते, शिक्षणाचं कर्ज आहे. आणि प्रश्न असा की हे दीड वर्ष कशाला घालवू, डिग्रीत नाहीतरी काही शिकवत नाहीत.

मी इथंच इंजिनिअरिंगला शिकवते, बरीच वर्षं प्लेसमेंटचं काम बघते, आणि ज्या पोरांची हजेरी अचानक बंद होते त्यांना फोन करायचं कामही माझ्याकडंच येतं. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. विचार करून, घरी बोलून, अर्ज देऊन कॉलेज सोडलेली पोरं मी फार कमी बघितलीत. बहुतेकांचं ते हळूहळू सुटतं. आधी एक लेक्चर, मग प्रॅक्टिकल, मग टर्मवर्क राहतं, मग परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून जाते, आणि घरी अजून वाटत असतं की पोरगं रोज सॅक घेऊन कॉलेजला जातंय, ते बसलेलं असतं कंबर तलावावर नाहीतर सात रस्त्याला चहाच्या टपरीवर. दोन वर्षांनी हीच पोरं मार्कशीट मागायला येतात तेव्हा त्यांच्या हातात डिग्रीही नसते आणि ज्यासाठी सोडलं तेही नसतं. त्यामुळं तू विचारतोयस हेच मला बरं वाटलं. सोडलंस तरी चालेल, पण ठरवून सोड.

आता तुझ्या मनातलं खरं कारण कुठलं ते बघू, कारण तू एकाच दमात तीन कारणं सांगितलीस. काम मिळालंय, विषय राहिलेत, आणि घरी पैसे लागतात. ही तिन्ही वेगळी आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. स्वतःला एकच प्रश्न विचार, उद्या कुणी येऊन म्हटलं की एम-थ्री आणि टीओसी निघाले, तर तू पुण्याला जाशील का? लगेच 'नाही, मग राहीन' असं आतून आलं तर तुला नोकरी नकोय, तुला त्या दोन पेपरांपासून सुटका हवीय, आणि दोन पेपरांसाठी कुणी डिग्री सोडत नाही. उत्तर 'तरीही जाईन' असं आलं तर पुढं बोलायला अर्थ आहे.

एम-थ्रीबद्दल बोलायचं तर आपल्याकडं निम्मा वर्ग त्यात अडकतो आणि पोरांना वाटतं आपणच ढ. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी काढ. मार्क कुठं गेले ते बघितल्याशिवाय अभ्यासाला बसू नकोस. माझ्या बघण्यात बऱ्याच जणांचे मार्क लाप्लासच्या इन्व्हर्समध्ये आंशिक अपूर्णांक चुकल्यामुळं जातात, म्हणजे दुखणं बारावीच्या गणिताचं आणि शिक्षा थर्ड इयरला. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर हातानं सोडव, यूट्यूबवर नुसतं बघून ते येत नाही. आणि ज्या सरांना तू घाबरतोस त्यांच्याकडं एकदा पेपर घेऊन जा, शिकवायचं नाही म्हणून हाकलून देणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही, पोरंच येत नाहीत. टीओसीचं तर तुला टेन्शनच नको, कोड लिहिणाऱ्या पोराला ऑटोमाटा एकदा वहीवर काढून बघितला की बसतो.

आता हिशोब. लोक इथंच चुकतात, म्हणतात अडीच वर्षं घातली आता कशी सोडायची. गेलेली फी आणि गेलेली वर्षं तू राहिलास तरी परत येत नाहीत आणि गेलास तरी येत नाहीत, ती हिशोबातून काढून टाक. फक्त उरलेलं मोज. तुझ्या उरल्यात तीन सेम. बऱ्याच कॉलेजांत आता सातव्या नाहीतर आठव्या सेमला पूर्ण सेमिस्टर इंटर्नशिप धरतात, तुझ्या स्कीममध्ये, म्हणजे तुझ्या बॅचच्या अभ्यासक्रमात, आहे का ते बघ, असेल तर प्रत्यक्ष वर्गात बसायच्या सेम दोनच उरतात आणि तिसरी तू पुण्याच्याच कंपनीत करू शकतोस, तेही कॉलेजच्या परवानगीनं, क्रेडिटसकट. दुसऱ्या बाजूला २५ हजार गुणिले अठरा महिने म्हणजे साडेचार लाख. ऐकायला मोठा आकडा आहे. पण पुण्यात खोली, मेस, गाडीचं पेट्रोल, शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी यायचं तिकीट, यात निम्मा पगार आरामात जातो, म्हणजे हातात दोन-सव्वादोन लाख, तेही नोकरी अठरा महिने टिकली तर. छोट्या कंपनीत सहा महिन्यांनी फंडिंग अडकलं की सगळ्यात आधी नवीन पोरगं जातं आणि ते पोरगं तेव्हा बाजारात काय म्हणून उभं राहणार? बारावी पास म्हणून. हे कुणी सांगत नाही. इंजिनिअरिंगची पाच सेमची मार्कशीटं कितीही जाड असली तरी नोकरीच्या फॉर्ममध्ये शिक्षणाचा जो रकाना असतो त्यात 'थर्ड इयरपर्यंत' असा पर्याय नसतो.

कुठली दारं बंद होतात ते नीट बघ, कारण सगळी होत नाहीत. एमपीएससीची राज्यसेवा, यूपीएससी, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल, बँकेची पीओ, तलाठी, या सगळ्यांना पदवी लागते, कुठली ते चालतं पण लागतेच. पोलीस शिपायाला बारावी चालते. आज तू म्हणशील मला सरकारी नोकरी करायचीच नाही. बरं. पण मी हे वाक्य विशीतल्या पोरांकडून ऐकलंय आणि त्याच पोरांना तिशीच्या आसपास, लग्न ठरायच्या वेळी, फॉर्म भरायला आलेलंही बघितलंय. मोठ्या सर्व्हिस कंपन्या फ्रेशर घेताना पदवी बघतात, बऱ्याच ठिकाणी ६० टक्क्यांची अटही असते. छोट्या प्रॉडक्ट कंपन्या आणि एजन्सी तुझं काम बघतात, गिटहब बघतात, तिथं डिग्री खरंच विचारत नाहीत, हे तू म्हणतोस ते बरोबर आहे. पण चार-पाच वर्षांनी तू मोठ्या कंपनीत उडी मारायला गेलास की बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन येतं आणि तिथं कागद लागतो. बाहेरच्या देशाचं तर स्पष्टच आहे. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला बॅचलर्स किंवा तेवढ्या तोडीचं काही लागतं, आणि तोडीचं धरताना कॉलेजच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं असा हिशोब लावतात. म्हणजे तुझं दीड वर्ष वाचवायला गेलास तर तिकडं चार-साडेचार वर्षं भरावी लागतील.

आणखी एक, 'नंतर बाहेरून पूर्ण करीन' असं बरेच जण म्हणतात. आर्ट्स-कॉमर्सला हे होतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, इग्नू आहेत, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची डिस्टन्स किंवा ऑनलाइन पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरायची असं यूजीसीनं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. पण इंजिनिअरिंगला ते लागू नाही. बी.ई., बी.टेक. डिस्टन्सनं मान्यच नाही, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा जुन्या पदव्यांवर निकाल दिलाय आणि तेव्हा नोकरीला लागलेली माणसंसुद्धा अडचणीत आली. त्यामुळं कुणी एजंट म्हणाला की राहिलेलं इंजिनिअरिंग सहा महिन्यांत घरबसल्या करून देतो, ८० हजार द्या, तर त्याच्या ऑफिसात पाऊलही टाकू नकोस. कॉलेज सुटलेल्या पोरांचे नंबर या लोकांकडं कसे पोचतात कुणास ठाऊक, पण पोचतात, आणि घाबरलेला बाप कर्ज काढून पैसे देतो. यूजीसीच्या साइटवर बोगस विद्यापीठांची यादी असते, तेवढी घरच्यांना दाखवून ठेव.

कर्जाचं तू एका ओळीत लिहिलंस, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिक्षणकर्जाला कोर्सचा काळ आणि त्यावर साधारण एक वर्ष हप्ता नसतो, कॉलेज सोडलंस की हा हिशोब बदलतो आणि बँक हप्ता आधीच सुरू करू शकते. त्याहून मोठं म्हणजे केंद्राची व्याज अनुदान योजना, घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर कोर्सच्या काळातलं व्याज सरकार भरतं, तुमच्या घराला ती लागू असण्याची शक्यता बरीच आहे. मधेच शिक्षण सोडणाऱ्याला हे अनुदान मिळत नाही, अपवाद फक्त आजारपणाचा, तोही कागदपत्रं असतील तर. म्हणजे तू घरी पैसे पाठवायला म्हणून सोडणार आणि इकडं वडिलांच्या नावावर व्याज चढणार. बँकेत जाऊन हे तोंडी नको, अर्जावर विचार. तसंच राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी मिळत असेल तर वर्ष वाया गेल्यावर तिचं काय होतं ते कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात विचार. घरी खरंच चणचण असेल तर कमवा व शिका आहे, लायब्ररीत, लॅबमध्ये तासावर काम मिळतं. पैसे फार नसतात पण मेसचा खर्च निघतो.

सोडणं आणि पूर्ण करणं यांच्या मधेही बरंच काही आहे, ते पोरांना माहितीच नसतं. एक म्हणजे ब्रेक. यूजीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं कोर्सच्या वर्षांवर आणखी दोन वर्षं मिळतात, म्हणजे चार वर्षांची डिग्री सहा वर्षांत करता येते, फक्त तुझ्या विद्यापीठाचा किंवा ऑटोनॉमस कॉलेजचा नियम काय आहे तो बघायचा. दुसरं, नवीन शैक्षणिक धोरणात मधे बाहेर पडायची सोय आहे. एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, आणि इंजिनिअरिंगच्या काही नव्या स्कीममध्ये तीन वर्षांवर बी.व्होक. मिळतं, त्यासाठी थोडी ज्यादा क्रेडिट करावी लागतात आणि तोपर्यंतचे सगळे विषय निघालेले लागतात. तुझ्या बॅचला हे लागू असेल तर तुझं गणितच बदलतं. तीन सेमऐवजी एक सेम, दोन बॅकलॉग आणि हातात पदवी. लागू नसेल तर नाही. हे परीक्षा विभागात विचार, आणि उत्तर नियमावलीच्या पानावर बोट ठेवून घे, 'बहुतेक असेल' असं ऐकून परत येऊ नकोस. तिसरं, क्रेडिट बँक, म्हणजे एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स). २०२१ पासून आहे, त्यात जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरतात. डिजिलॉकरमधून तुझा आयडी काढ आणि सगळ्या सेमची क्रेडिट चढलीत का बघ. पुढं बीसीए किंवा बीएस्सीला जायचं ठरलं तर तिथं किती विषय धरतील हे त्या कॉलेजच्या हातात असतं, पण नोंदच नसेल तर बोलणंच खुंटतं.

आता हे सगळं वाचून तुला वाटेल मॅडम राहाच म्हणतायत. तसं नाही. मी स्वतः पोरांना 'सोड' म्हटलंय. पहिल्याच वर्षी कळलं की हे आपलं नाही, तर तेव्हा सोडणं सगळ्यात स्वस्त असतं. एक मुलगी होती, वडिलांच्या हट्टानं मेकॅनिकलला आली, वर्कशॉपमध्ये रडायची, तिला नर्सिंगला जायचं होतं. पहिली सेम संपायच्या आत आम्ही तिच्या वडिलांना बोलावून घेतलं, दोन तास बोललो, पुढच्या वर्षी तिनं जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, ॲडमिशन घेतली आणि आज ती कामाला आहे. दुसरा प्रकार म्हणजे घरचा धंदा खरंच अंगावर पडलेला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचे टॉवेलचे लूम, वडिलांना अर्धांगवायू झाला, ऑर्डरी चालू, कामगारांचा पगार दर आठवड्याला. त्या पोराला कॉलेजात बसवून ठेवण्यात काय अर्थ होता? त्यानं अर्ज देऊन ब्रेक घेतला, धंदा धरला, आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, त्याला तेच उपयोगाचं होतं. तिसरा प्रकार, ज्यांची सगळी जास्तीची वर्षंही संपत आलीत आणि दहा-बारा विषय राहिलेत. त्यांना आशा दाखवत ठेवणं मला योग्य वाटत नाही. त्यांनी आयटीआय, ॲप्रेंटिसशिप, दुसरी डिग्री, काहीतरी लगेच धरलेलं बरं. तू या तिघांपैकी कुणीच नाहीस.

बिल गेट्स आणि झुकरबर्गचं उदाहरण तूही दिलंस, सगळेच देतात. गेट्सनं १९७५ मध्ये हार्वर्ड सोडलं तेव्हा रीतसर रजा टाकली होती, कंपनी चालली नसती तर परत जायची वाट मोकळी होती, आणि घरी वडील नावाजलेले वकील. तुला हार्वर्डची तुलना नको, पण त्यातली रजेची गोष्ट उचल. तीच कामाची आहे.

कंपनीशी बोलताना घाबरू नकोस. त्यांना तू हवा आहेस म्हणूनच ते थर्ड इयरच्या पोराला बोलावतायत, म्हणजे अटी घालायची थोडी ताकद तुझ्याकडं आहे. विचार, सध्या घरून दिवसाला तीन-चार तास काम देता का, उन्हाळ्याच्या सुट्टीत पूर्ण वेळ येतो, इंटर्नशिपची सेम तुमच्याकडं करतो, डिग्री झाली की जॉइन. ऑफर लेटर लेखी माग. पीएफ आहे का, पगार आहे का स्टायपेंड, बॉण्ड आहे का, नोटीस पिरियड किती, सगळं वाच. आणि ओरिजनल मार्कशीट कुणाकडंही ठेवायला देऊ नकोस. 'आत्ताच ये, नाहीतर कधीच नको' असं जी कंपनी एकवीस वर्षांच्या पोराला म्हणते ती उद्या त्याच घाईत काढूही शकते. माझा अनुभव असा की पोरगं खरंच चांगलं असेल तर सातातले चार-पाच मालक थांबायला तयार होतात, निदान पार्ट टाइम काम तरी देतात.

घरी कसं सांगायचं हे तू विचारलं नाहीस, पण मला माहितीय तेच जास्त अवघड आहे. लूमवरच्या बापाला पोरगं इंजिनिअर होतंय ही एकच गोष्ट कारखान्यात मान वर करून सांगता येते. गल्लीत कुणीतरी 'काय बे, कॉलेज सोडलालास म्हणे' म्हणणार आणि ते वडिलांना तुझ्याआधी कळणार, तसं होऊ देऊ नकोस. निर्णय सांगायला जाऊ नकोस, कागद घेऊन जा. एका बाजूला उरलेली फी, दुसऱ्या बाजूला पगार, खाली कर्जाचं व्याज, असं त्यांच्यासमोर मांड. त्यांना टीओसी कळत नसेल पण हप्ता आणि व्याज तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि आईला विचार, घर तीच चालवते, पैशाची खरी नड किती आहे ते तिलाच माहिती. कित्येकदा पोरगं मनातच धरून बसतं की घरी माझ्या पगाराची गरज आहे आणि घरच्यांचं म्हणणं असतं की दीड वर्ष आम्ही ओढू, तू शिक.

एक गोष्ट तू शेवटी सहज लिहिलीस, रात्री झोप लागत नाही आणि वर्गात बसलं की छातीत धडधडतं. ते सहज घेऊ नकोस. अशा अवस्थेत राहायचं का सोडायचं, कुठलाच निर्णय करायचा नसतो. आधी डॉक्टरला दाखव. टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री दोनला पण लागतो. आणि मला पण फोन कर, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तरीही सगळं बघून सोडायचंच ठरलं, तर नीट सोड. प्राचार्यांच्या नावानं लेखी अर्ज, त्याची शिक्का मारलेली पोच, नो ड्यूज, लायब्ररी, डिपॉझिट परत, सगळ्या सेमच्या मार्कशीट, टीसी. फीसाठी मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, यूजीसीचा तसा नियम २०१८ पासून आहे, कुणी अडवलं तर तेवढंच शांतपणे सांग. बँकेला कळव. परत यायचं झालं तर किती वर्षांत आणि कुठल्या स्कीममध्ये घेतील ते अर्जावरच लिहून विचार.

माझं मत विचारशील तर तू राहा. पार्ट टाइम काम चालू ठेव, दोन विषय काढ, आणि इंटर्नशिपची सेम पुण्याला कर. पण हे आजच्या माहितीवर. बी.व्होक.चा मार्ग तुझ्या स्कीममध्ये निघाला, किंवा कर्जाचं बँकेनं वेगळंच सांगितलं, तर आपण परत बसून हिशोब मांडू. या आठवड्यात परीक्षा विभाग आणि बँक ही दोन कामं कर. आणि निर्णय झाला नसला तरी बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म लेट फी लागायच्या आत भरून टाक. भरलेला फॉर्म सोडून देता येतो, न भरलेल्या फॉर्मवर मात्र पेपरला बसता येत नाही.